डायच्या स्ट्रोकची वही आणि परकीय गुंतवणूक

टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरमधील सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी ३१ जुलै २०२४ रोजी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, तेव्हापासून वाळूजच्या चहाच्या टपरीवर आणि उद्योजकांच्या बैठकीत दोनच प्रश्न कानावर येतात: बिडकीनकडे जमिनीचा भाव कुठवर जाणार आणि किती पोरांच्या हाताला काम मिळणार. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र वाळूजमध्ये वीस वर्षे छोटे प्रेस शॉप (पत्रा दाबून सुटे भाग बनवणारे युनिट) चालवल्यावर मला तिसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. या गुंतवणुकीबरोबर येणारे ज्ञान कंपनीच्या कुंपणाबाहेर पडणार का, आणि पडलेच तर ते झेलायला आपण तयार आहोत का?

माझ्यापुरते सांगायचे, तर हे ज्ञान पहिल्यांदा माझ्या दारात आले ते परत आलेल्या मालाच्या रूपाने. एका परदेशी कंपनीने (नाव घेत नाही) आमच्या चारशे ब्रॅकेटचा लॉट नाकारला, कारण छिद्रांची जागा सरकली होती आणि कडेला बर (पत्रा कापल्यावर उरणारी खरखरीत धार) राहिला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा क्वालिटी इंजिनिअर आला आणि केबिनमध्ये न येता थेट प्रेसपाशी स्टूल ओढून बसला. त्याने आमच्या मिस्त्रींना विचारले, "मामा, ह्या डायवर किती स्ट्रोक झाले?" (डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, आणि प्रेस एकदा खाली आला की एक स्ट्रोक.) मामा म्हणाले, "साहेब, आवाज बदलला की मी डाय काढतो." मामांचा कान खरोखरच तयार होता, पण तो मामांपुरताच होता, ते रजेवर असले की डाय झिजत राहायची आणि कुणाला पत्ता लागत नसे. त्या दिवशी प्रेसवर काउंटर बसवायचे ठरले आणि एक वही सुरू झाली: तारीख, डायचा क्रमांक, स्ट्रोक, धार कधी लावली. मामांच्या कानात असलेली गोष्ट कागदावर उतरली, आणि पुढे पैठण तालुक्यातून आलेल्या हेल्परनेही ती उचलली. काही वर्षांनी त्याच मुलाने चिकलठाण्यात भाड्याच्या गाळ्यात स्वतःचे दोन प्रेस टाकले. त्याच्याकडेही तशीच वही आहे. ज्ञानाचे हस्तांतरण म्हणतात ते मी एवढ्या जवळून पाहिले आहे.

अभ्यासकांनाही बहुतांशी हेच आढळले आहे. अर्थतज्ज्ञ बिआटा यावोर्चिक यांनी २००४ मध्ये लिथुआनियातील कारखान्यांबाबत दाखवून दिले की, परदेशी कंपन्यांना माल पुरवणाऱ्या क्षेत्रांतील स्थानिक कारखान्यांची उत्पादकता वाढते. आणि विशेष म्हणजे हा परिणाम स्थानिक भागीदार असलेल्या कंपन्यांमुळे दिसला, शंभर टक्के परदेशी मालकीच्या कंपन्यांमुळे दिसला नाही. याउलट व्हेनेझुएलावरील १९९९ च्या अभ्यासात, त्याच क्षेत्रात परदेशी मालकी वाढल्यावर देशी कारखान्यांची उत्पादकता घटलेली आढळली. म्हणजे कंपनी शेजारी आली म्हणून शेजारचा शहाणा होत नाही. तिच्याशी रोजचा व्यवहार असावा लागतो, आणि तो पेलण्याइतकी आपली तयारी आधीच झालेली असावी लागते.

संभाजीनगरची ती तयारी होती. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याभोवती कास्टिंग, प्रेस आणि मशिनिंगची कामे करणारी लहान युनिटे उभी राहिली. त्याच वर्षी येथे अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगने सुरुवात करणाऱ्या एन्ड्युरन्सने पुढे जर्मनी आणि इटलीतील कंपन्या विकत घेतल्या, म्हणजे हा प्रवाह उलटाही वाहिला. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाची गाडी तयार होऊ लागली तेव्हा या भागात डाय वाचता येणारे हात होते. त्यातले पुष्कळ हात डाय आणि साचे बनवायला शिकवणाऱ्या चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये घडले आहेत, आणि मला ती संस्था कुठल्याही करसवलतीपेक्षा मोलाची वाटते.

याहून बोलका दाखला जालन्याचा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या महिको या बियाणे कंपनीकडे संकरित बियाण्यांचा तीन दशकांहून अधिक काळचा अनुभव होता, म्हणूनच १९९८ मध्ये मोन्सँटो या अमेरिकी कंपनीने तिच्यात २६ टक्के हिस्सा घेतला. बोंडअळीला मारक जनुक परदेशातून आले, पण ते आपल्या जमिनीत वाढणाऱ्या संकरित कापसात उतरवण्याचे काम महिकोने केले, आणि २००२ मध्ये तीन वाणांना मंजुरी मिळाली. पुढे हेच जनुक परवाना घेऊन इतर देशी बियाणे कंपन्यांकडेही गेले. त्याच्या मोबदल्यावरून झालेले वाद आणि गुलाबी बोंडअळीने नंतर मिळवलेली प्रतिकारशक्ती यांनी शेतकऱ्याला सोसायला लावले, हे मी विसरत नाही. तरीही जालन्यात आधीपासून पैदासकार नसते, तर ते जनुक येथे निव्वळ पाकिटबंद माल म्हणून आले असते.

माझी खंत वेगळी आहे. आम्हाला "कसे करायचे" हे भरपूर शिकवले गेले. "असेच का" हे विचारायला मात्र वाट नव्हती. त्याच ब्रॅकेटच्या एका कोपऱ्याची गोलाई थोडी बदलली, तर पट्टीतून वाया जाणारा पत्रा कमी होईल, असे मी रेखाचित्रासह कळवले होते. प्रस्ताव परदेशातील डिझाइन विभागाकडे गेला, आणि तेथून होकार किंवा नकार काहीच आले नाही. उत्पादन येथे आणि विचार तिकडे, अशी विभागणी असेल तोवर नवनिर्मितीचा वाटा आपल्याला मिळणे कठीण आहे. म्हणून नव्या प्रकल्पांना भूखंड देताना नोकऱ्यांच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे विचारले जावेत, असे मला मनापासून वाटते: सुट्या भागांची किती खरेदी मराठवाड्यातून होणार, आणि येथे किती डिझाइन इंजिनिअर बसणार.

हिंगोली, परभणी, बीड, धाराशिव येथे हा प्रश्न अजून पोचलेलाही नाही, कारण तेथे माल पुरवणारी लहान युनिटेच विरळ आहेत. माझ्याकडे परभणीची दोन मुले आहेत, दोघेही आयटीआय झालेले. त्यांना यंदा डाय डिझाइनच्या अभ्यासक्रमाला पाठवण्याचे मी ठरवले आहे. त्यांची फी मी भरणार आहे, आणि परत येऊन त्यांनी माझ्याकडेच राहावे अशी अट घातलेली नाही.