दार उघडल्यावर काय? सिनेमा-वहीतली पुढची नोंद

मंडळी, ‘कोंडलेली आई आणि तिचं मूल’ या वहीत पावसाळ्यात बरीच भर पडली. सध्या एकच गोष्ट धरून बघतेय : सुटका सिनेमात कुठे येते आणि तिच्यानंतर किती सिनेमा उरतो.

‘रूम’ (२०१५) या वेळी आवाज बंद करून पाहिला. पळवून नेलेली आई आणि तिथेच जन्मलेला जॅक एका शेडमध्ये कोंडलेले; दिग्दर्शक लेनी अब्राहमसनने त्यांची सुटका साधारण मध्यावरच उरकली आहे. तोवर कॅमेरा सिंक, कपाट, छतातली काच यांना इतका खेटून फिरतो, की ती शेड ऐसपैस वाटायला लागते. पाच वर्षांच्या जॅकने दुसरं जग पाहिलेलंच नाही ना! मग पिकअपच्या मागे गालिच्यातून तो उलगडत बाहेर येतो आणि वर नुसतं आभाळ. आवाज नसला की फक्त त्याचे डोळे दिसतात. आनंद नाही त्यांत, एवढं सगळं मावत नाहीये.

खरा घाव पुढे आहे. टीव्हीवाली बाई आईला विचारते, मूल जन्मल्यावर त्याला बाहेर कुठे सोडून ये, असं कोंडणाऱ्या माणसाला का नाही सांगितलंस? सात वर्षांच्या कैदेत जिच्या अंगात बळ राहिलं ते त्या पोरामुळे, आणि बाहेर आल्यावर जाब त्याचाच. ती कोसळते. जॅक आपले लांब केस कापून तिला पाठवतो, तिला बळ यावं म्हणून. इथे कोण कुणाला सांभाळतंय ते उलटं होतं, तेही भाषणाशिवाय.

रामबागेतल्या आमच्या बैठकीत एका मावशींना शेवटी खोलीत परत जाणं नको वाटलं. मला ते हवंच वाटतं. दार उघडं असलं की ती ‘ती’ खोली राहत नाही, हे पोराला तिथे उभं राहूनच कळणार.

त्यानंतर ‘उंबरठा’ (१९८२). सुलभा महिलाश्रमातल्या बायकांसाठी झटते, तिची स्वतःची मुलगी मात्र घरी जावेच्या मायेत वाढते. कुलूप कुठेच नाही, तरी मायलेकींत अंतर पडतंच. स्मिता पाटीलबद्दल सावकाश लिहीन.

पुढे पाब्लो त्रापेरोचा ‘लिओनेरा’ (२००८) : अर्जेंटिनाच्या तुरुंगात वाढणारं मूल. तिथे मुलाला चार वर्षांपर्यंत आईजवळ ठेवतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्णयाने सहा वर्षांपर्यंत. तो सहावा वाढदिवस कुठल्या भारतीय सिनेमात दिसला असेल, तर नाव नक्की कळवा.