प्लेटा दोनदा बदलल्या तरी क्लच तसाच

माझं खानापुरात गॅरेज आहे. गेल्या जुलैत असाच धो धो पाऊस, आणि जांबोटी साईडचे एक दूधवाले मामा गाडी ढकलत ढकलत आले. शंभर सीसीची गाडी, दोन्ही बाजूला ४० लिटरचे कॅन. म्हणाले, मिस्त्री, वर्षात दोनदा क्लच प्लेटा घातल्या, तरी चढाला इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी सरकत नाही, आणि उभी केली की न्यूट्रल पडत नाही.

ही दोन दुखणी एका गाडीत बघून मला खटकलंच. स्लिप मारते म्हणजे क्लच नीट धरत नाही, न्यूट्रल पडत नाही म्हणजे नीट सुटत नाही. लिव्हर बघितला तर वायर पार ताणलेली, प्ले म्हणजे लिव्हरचा सुरुवातीचा मोकळा खेळ शून्य.

ऑइल सोडलं तर ट्रेमध्ये चंदेरी चमक. चुंबक फिरवला, काही चिकटलं नाही. म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, तिथंच मनात आलं हाउसिंग (प्लेटा ज्यात बसतात ते अ‍ॅल्युमिनियमचं भांडं) गेलंय. कव्हर खोलून प्लेटा काढल्या आणि हाउसिंगच्या बोटांवरनं, म्हणजे त्याच्या कडेच्या उभ्या पट्ट्यांवरनं, नख फिरवलं, तर नख अडकतंय. प्लेटांच्या कानांनी (कडेला बाहेर आलेल्या टोकांनी) आपटून आपटून खाचा पाडलेल्या, एकाखाली एक, शिडीसारख्या. लिव्हर दाबला की प्लेटा सुट्या व्हायला पाहिजेत, त्या खाचांत अडकून बसत होत्या. मग सुटत नाही म्हणून कुणीतरी वायर ताणली, वायर ताणली म्हणून चढाला स्लिप मारायला लागली, स्लिप मारून प्लेटा जळल्या, जळल्या म्हणून नव्या घातल्या, आणि खाचा तशाच.

मामा म्हणाले, कानस मार की, खर्च वाचतोय. दुधावर घर चालतंय त्यांचं, मला कळत होतं. बारीक खाच असली तर मीही कानस मारतो. पण इथं आधी कुणीतरी मारलेलीच होती, एक बोट जास्त एक कमी, अजून घासलं असतं तर प्लेटांचे कान आत खुळखुळले असते आणि परत खाचा. शिवाय हाउसिंगला मागनं गियर जोडणारे रिव्हेट ढिले, तो गियर हातात धरला तर आडवा डुलतोय, त्याला कानस काय करणार? मामांच्याच हातात दिलं, म्हटलं हलवून बघा. दोनदा हलवलं, गप्प झाले, मग म्हणाले, घाल बाबा नवीन.

पार्ट आणायला पोराला बसनं बेळगावला पाठवलं. आणलेलं हाउसिंग जुन्याशेजारी ठेवून गियरचे दात मोजले तर कमी! दिसायला सेम टू सेम, पण दात जुळले नाहीत तर क्रँकच्या गियरशी मिळणार कसं, परत पाठवलं. दुसरं येईपर्यंत साडेचार वाजले, तेवढ्यात क्रँकवरच्या ऑइल फिल्टरची वाटी खोलून धुतली, आत राखाडी चिखल बसलेला, बोटाला चमकी लागत होती. नव्या प्लेटा ऑइलमध्ये भिजत ठेवल्याच होत्या. लॉक वॉशर नवा, गॅस्केट नवा, आणि लिव्हरला १० ते २० मिलिमीटर प्ले ठेवला.

ट्रायल रिकाम्या गाडीवर घेऊन उपयोग नव्हता. दोन्ही कॅन पाण्यानं भरले, मामांना म्हटलं तुम्हीच चालवा, आणि मी दुसऱ्या गाडीवर मागनं, पावसातच. चढाला गाडी दमदार निघाली, आवाज नाही काही नाही. वर थांबून मामांनी पाच-सहा वेळा न्यूट्रल टाकून बघितलं, दर वेळी एका टिचकीत पडलं, तेव्हा कुठं उतरून कॅन उपडे केले.