डॉक्टर जाताना डायरी ठेवून गेले

ग्रामीण आरोग्य केंद्रांसाठी डॉक्टर शोधणं हे माझं काम. लोकांना वाटतं जाहिरात दिली की झालं, पण जाहिरात हा सगळ्यात सोपा भाग. डिग्री आणि नोंदणी तपासायची, आधीच्या ठिकाणी फोन लावायचा, आणि समोरचा "तसे चांगले आहेत" म्हणाला तर त्या 'तसे'मध्ये काय दडलंय ते काढून घ्यायचं. गाव दाखवायला नेलं की मी डॉक्टरांकडे कमी आणि सोबत आलेल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जास्त बघते. डॉक्टर ओपीडी बघत असतात, तो दुसरा माणूस रेंज येते का बघतो, शाळा किती लांब आहे विचारतो, आणि यायचं की नाही हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

या डॉक्टरांच्या बाबतीत सगळं जुळलं होतं. स्वतः खेड्यात वाढलेले, बायकोला जवळच्याच शाळेत नोकरी मिळाली. खेड्यातला मुलगा डॉक्टर झाला तर खेड्यात टिकायची शक्यता जास्त, हे बऱ्याच देशांत दिसलंय. जपानची जिची मेडिकल युनिव्हर्सिटी तर १९७२ पासून याच कल्पनेवर चाललीय, प्रत्येक प्रांतातून मुलं निवडायची, फी माफ करायची आणि त्याबदल्यात साधारण ९ वर्षं आपल्याच प्रांतात काम. त्यामुळे मी अगदी निर्धास्त होते.

चौदा महिन्यांत राजीनामा आला.

चार्ज घ्यायच्या दिवशी मी स्वतः गेले. किल्ल्या, औषधांचा स्टॉक, मग लसीच्या फ्रिजचं रजिस्टर. हे रजिस्टर मी कुठेही गेले तरी आधी उघडते. तापमान २ ते ८ डिग्रीच्या मध्ये हवं, सकाळ-संध्याकाळ नोंद हवी, आणि कितीतरी ठिकाणी महिनाभराचे आकडे एकाच पेनाने एका बैठकीत भरलेले असतात, सगळे ४, ४, ४. इथे ३.८, ५.१, ४.६ असे खरे आकडे. एका रात्री ८.६, आणि पुढे बारीक अक्षरात, लाईट गेली, २.१० ला सगळ्या व्हायल आइस पॅक टाकून कोल्ड बॉक्समध्ये हलवल्या. मला इतकं बरं वाटलं, आणि असा माणूस आपण घालवला म्हणून तितकंच वाईटही.

रजिस्टरच्या खाली खिशात मावेल एवढी डायरी होती. मजकूर काहीच नाही, फक्त काही तारखांवर बरोबरची खूण.

"हे काय डॉक्टर?"

"ज्या रात्री कुणी उठवलं नाही त्या, मॅडम."

मी तिथेच बसून मोजल्या. चौदा महिन्यांत एकतीस. त्यातल्या बारा रजेवर असतानाच्या.

जाहिरातीत मी लिहिलं होतं, दोन डॉक्टर, रात्रीची ड्युटी आलटून पालटून. दुसरी जागा तेव्हा रिकामी होती, महिन्याभरात भरतो असं वरून सांगितलं होतं, आणि ती आजही रिकामीच आहे. ते म्हणाले, "बाळंतपणाला, साप चावलेल्याला उठायला माझी कधी ना नव्हती. पण रात्री अकराला फिटनेस सर्टिफिकेटसाठी दार वाजवतात, आणि मला नाही म्हणता येत नाही, कारण पुढच्या वेळी खरंच कुणी मरायला टेकलेलं असू शकतं." गावकऱ्यांवर माझा राग आहे, तो लपवत नाही. डॉक्टर हवा म्हणून मोर्चे काढतात आणि आला की त्याला झोपू देत नाहीत.

ऑफिसमध्ये सगळ्यांचं एकच, पगार वाढवला असता तर थांबले असते. वाढवायला आम्ही तयार होतो! त्यांनी सरळ सांगितलं, पैसे नकोत, आठवड्यातून दोन रात्री द्या. डब्ल्यूएचओने २०१० मध्ये या विषयावर १६ शिफारशी केल्या, त्यात पैशाची फक्त १ आणि डॉक्टरला माणूस म्हणून, व्यावसायिक म्हणून आधार देण्याच्या ६. आमच्या फॉर्ममध्ये मात्र 'पद भरले: होय/नाही' एवढाच रकाना, किती रात्री झोप मिळाली हे विचारायला जागाच नाही.

पण मला खटकतंय ते वेगळंच. तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात मी फोन केला होता, दोन्ही वेळा ते म्हणाले, "ठीक आहे मॅडम." अनोळखी माणसाच्या 'तसे'वर अर्धा तास घालवणारी मी, त्या 'ठीक'वर एक प्रश्न विचारला नाही. पद भरलेलं होतं ना.

डायरी ते विसरले की मुद्दाम ठेवली माहीत नाही, सध्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नवीन जाहिरातीत मी 'आलटून पालटून' खोडून 'सध्या एकच डॉक्टर, रोज रात्री ड्युटी' असं लिहून पाठवलं. साहेबांचा फोन आला, "असं लिहिलं तर येईल कोण?" मला उत्तर देता आलं नाही. ओळ मी अजून बदललेली नाही आणि मंजुरीही आलेली नाही.