सायडरने फाटवलेली कोजागिरी

आधीच सांगून टाकते: सायडर आणि क्रीम एका ग्लासात घालू नका. कृतीसोबतचा फोटो कितीही देखणा असला तरी घालू नका. ते फोटो पहिल्या तीस सेकंदांत काढलेले असतात. एकतिसाव्या सेकंदाला काय होतं, ते माझ्या ओट्यावर चार वेळा घडलंय.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. यंदा कोजागिरी ऐन आठवड्यात आली, म्हणून शनिवारी चार घरं आमच्याकडे जमणार होती. मुलांना आणि न पिणाऱ्यांना मसाला दूध ठरलेलंच. बाकीच्यांचं काय, म्हटल्यावर मीच उत्साहाने पुढे झाले. इथल्या ऑक्टोबरची चव असलेलं, दाट, गार, वरून जायफळ किसलेलं कॉकटेल करायचं. मसाला दुधाचंच वाया गेलेलं भावंड म्हणा.

आणि इथला ऑक्टोबर म्हणजे सायडर. अमेरिकेत सायडर म्हणजे दारू नव्हे. सफरचंदाचा न गाळलेला, गढूळ तपकिरी रस. आंबवलेल्याला हार्ड सायडर म्हणतात. मुलांना घेऊन सफरचंदं तोडायला गेलो होतो तेव्हा बागेतूनच गॅलनचा कॅन आणला होता. त्यात रम, क्रीम आणि मसाला घातला की झालं, असा माझा सरळ हिशोब.

पहिला ग्लास: साठ मिली सायडर, पंचेचाळीस मिली रम, तीस मिली हाफ-अँड-हाफ (अर्धं दूध, अर्धं क्रीम). हलवलं, ओतलं. रंग काय सुरेख! नवऱ्याला हाक मारली. तो बेसमेंटमधून वर येईपर्यंत ग्लासात वर पांढरे कण आणि खाली पिवळट पाणी. तो म्हणाला, "पनीर करतेयस का?"

मला वाटलं क्रीम पातळ होतं, म्हणून. तेवढं बरोबरच होतं. हाफ-अँड-हाफमध्ये स्निग्धांश साडेदहा ते अठरा टक्के, हेवी क्रीममध्ये किमान छत्तीस. क्रीम जितकं दाट, तितकं त्यात दुधाचं प्रथिन कमी, म्हणून फाटायला वेळ लावतं. दुसऱ्या ग्लासाला हेवी क्रीम घातलं. पाच मिनिटं टिकलं. सहाव्या मिनिटाला काचेला आतून बारीक रवा चिकटलेला दिसायला लागला. पाहुण्यांना काय सांगणार, पटापट प्या म्हणून?

तिसऱ्यांदा मी जे केलं त्याची अजून लाज वाटते. सायडरमध्ये पाणी फार आहे, आटवून घट्ट करू, असं डोक्यात आलं. अर्धा तास आटवला, घर कसं मस्त घमघमलं, आणि तो कोमट असतानाच क्रीम घातलं. हलवायचीसुद्धा गरज पडली नाही. पडल्या पडल्या गोळा. आटवल्याने पाणी उडून गेलं, आंबटपणा तेवढाच राहिला, वर उष्णता. पनीर करताना आपण मुद्दाम हेच करतो की!

चौथ्यांदा सोडा. चिमूटभर खाण्याचा सोडा सायडरमध्ये, म्हणजे आंबटपणा मरेल. फसफसून ओट्यावर आलं. उरलं त्याची चव साबणाच्या पाण्यासारखी. क्रीम फाटलं नाही, हे मान्य करते. पण ते प्यायला कोणीच तयार झालं नाही.

नेमका त्याच वेळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मागे ओट्यावर तीन ग्लास रांगेत उभे.

"अगं, दूध नासलं का?"

"हो आई, जरासं."

"टाकू नकोस हं. साखर घालून आटव, कलाकंद होईल."

"हो आई."

त्यात पाव कप रम आहे, हे सांगायची माझी प्राज्ञा नव्हती. नवरा फ्रिजच्या दारामागे तोंड लपवून हसत होता.

चार ग्लास ओतून टाकल्यावर मग विचार केला, जो आधी करायचा होता. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन पीएच साडेचारच्या आसपास आलं की एकमेकांना धरून गोळा होतं. सायडरचा पीएच त्याच्याही खाली असतो. म्हणजे भांडण प्रमाणाचं नव्हतंच. कितीही मोजूनमापून घातलं तरी आंबट ते आंबट. बरं, सफरचंदाची चव तर मला सोडायची नव्हती. तेव्हा नवऱ्याने, इतका वेळ नुसता हसणाऱ्या माणसाने, एकच कामाचं वाक्य टाकलं: "ऊर्ध्वपातनात आम्ल वर येत नाही ना?" शाळेत मराठीतून शिकलेला तो शब्द पंचवीस वर्षांनी दारूसाठी उपयोगी पडला.

सफरचंदाच्या रसाची दारू अशी ऊर्ध्वपातनाने गाळली की वास वर येतो, आंबटपणा खाली भांड्यात राहतो. आणि ती दारू आमच्याच राज्याची खासियत निघाली: ॲपलजॅक. मॉनमथ काउंटीतल्या स्कोबीव्हिलची लेअर्ड कंपनी स्वतःला 1780 पासूनची म्हणवते. जुनी माणसं तिला 'जर्सी लाइटनिंग' म्हणायची. इतकी वर्षं इथे राहून मी तिचं नावही ऐकलं नव्हतं. (इथे दारू किराणा दुकानात शोधू नका. एका मालकाला राज्यात किरकोळ विक्रीचे दोनच परवाने मिळतात, त्यामुळे मोठमोठ्या साखळी दुकानांच्या बहुतेक शाखांत बाटली दिसतच नाही. दारूच्या वेगळ्या दुकानात जायचं. वयाच्या पुराव्याला ड्रायव्हिंग लायसन्स बरोबर ठेवा, केस पांढरे झाले असले तरी मागतात.)

पाचवा ग्लास: पंचेचाळीस मिली ॲपलजॅक, तीस मिली हेवी क्रीम, वीस मिली मसाल्याचा पाक. ब्रँडी अलेक्झांडर या जुन्या कॉकटेलचाच सांगाडा. त्यात ब्रँडी, कोकोचं गोड मद्य आणि क्रीम सारख्या मापाने असतं. मी कोकोच्या जागी पाक घातला. ग्लास ओट्यावर ठेवला, टायमर लावला आणि समोर खुर्ची घेऊन बसले. वीस मिनिटं. काही झालं नाही. मंगळागौर जागवल्यासारखं वाटलं.

पाकाचं सांगायचं राहिलंच. इथे 'भोपळ्याचा मसाला' म्हणून डबी मिळते. भोपळ्याच्या 'पाय' या भाजलेल्या गोड पदार्थासाठीचा मसाला तो, म्हणून नाव भोपळ्याचं. आत दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग, ऑलस्पाइस (मिरीसारखे दिसणारे मसाल्याचे दाणे). गोडा मसाला तरी कुठे गोड असतो? ती पूड सरळ ग्लासात घालू नका. वर धुळीसारखी तरंगते आणि घशाला लागते. पाकात घातली तर दालचिनीची पूड बुळबुळीत होते. खडे मसाले घ्या. ओक ट्री रोडवर कुठल्याही देशी दुकानात स्वस्त मिळतात. एक कप पाणी, एक कप गडद ब्राउन शुगर, दालचिनीच्या दोन कांड्या, चार लवंगा, चार दाणे ऑलस्पाइस, आल्याचा बोटभर तुकडा. दहा मिनिटं मंद उकळायचं, लवंगा लगेच काढायच्या, नाहीतर दातांच्या दवाखान्याचा वास येतो. बाकीचं अर्धा तास तसंच मुरू द्यायचं, मग गाळायचं. फ्रिजमध्ये दोन आठवडे मजेत राहतो.

आलं मात्र उकळलेलंच हवं. कच्च्या आल्याच्या रसानेही दूध फाटतं, चहात घाईने आलं किसणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. चार वेळा फाटवून झाल्यावर पाचवं कारण मला नको होतं. पाक पूर्ण गार झाल्याशिवायही वापरू नका.

शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते. फक्त लोणच्याची नको, कितीही घासली तरी. बर्फ घालून बारा-पंधरा सेकंद जोरात हलवायचं, बरणी बाहेरून दवासारखी ओली झाली की थांबायचं. चहाच्या गाळणीतून ओतलं की बर्फाचे तुकडे मागे राहतात आणि वर मऊ फेस येतो. त्यावर जायफळ, तिथल्या तिथे किसून. सहाणेवर उगाळायची सवय असली तरी इथे बारीक किसणीच हवी, फेसावर कोरडाच कीस बसतो.

शनिवारी चंद्र ढगाआड होता. मसाला दुधाचं पातेलं आणि माझी बरणी डेकवर शेजारी शेजारी ठेवली होती, त्यामुळे एका मैत्रिणीच्या आईंनी चुकून माझा ग्लास उचलला. अडवेपर्यंत अर्धा संपला होता. "दूध छान झालंय गं," म्हणाल्या, "जायफळ जरा जास्त झालंय, झोप येते."

रविवारी सासूबाईंचा फोन: कलाकंद झाला का? झाला म्हणाले. गॅलनमधला उरलेला सायडर मुलांनी पुढच्या आठवड्यात दालचिनी घालून, गरम करून संपवला. दूध न घालता.