सावलीतल्या वाफ्यासाठी बुटकी, काटक झाडे निवडताना

घराच्या दर्शनी बाजूचा आमचा वाफा निम्मा भिंतीच्या सावलीत आणि निम्मा एका जुन्या, पसरलेल्या झाडाखाली येतो. पायवाटेला लागूनच असल्याने तिथली झाडे गुडघ्याच्या बरीच खाली राहायला हवी होती आणि रोजची निगा शक्य नसल्याने ती काटक असणेही भाग होते. रोपवाटिकेत ‘सावलीतली झाडे’ म्हणून एक मोठा कोपराच असतो. तिथून आवडेल ते उचलण्याआधी आपल्या वाफ्यात नेमकी कसली सावली पडते, हे पाहून घ्यायचे मी ठरवले.

दिवसातून तीन तासांपेक्षा कमी थेट ऊन मिळत असेल तर ती पूर्ण सावली आणि तीन ते सहा तास मिळत असेल तर अर्धसावली, असे ढोबळमानाने मानतात. त्या हिशेबाने भिंतीकडची बाजू पूर्ण सावलीची निघाली, तर झाडाखाली पानांतून झिरपणारा कवडसा बराच वेळ टिकत होता. म्हणजे उजेडाच्या दृष्टीने झाडाखालची बाजू सोपी वाटायला हवी होती. पण पाणी घातल्यानंतर दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे खुरप्याने उकरून पाहिले, तेव्हा भिंतीकडची माती वीतभर खोलपर्यंत ओलसर होती आणि झाडाखाली मात्र वरचा पातळ थर सोडला तर खाली भुसभुशीत कोरडी माती आणि केसांसारख्या बारीक मुळांचे जाळे लागले. हलका पाऊस झाडाच्या पानांवरच अडतो आणि जे पाणी खाली पोहोचते ते मुळे शोषून घेतात. सावलीतली बरीच झाडे कमी उजेडाने मरत नाहीत, अशा कोरडेपणाने मरतात, आणि पाटीवर तर नुसते ‘सावली’ एवढेच लिहिलेले असते. तेव्हापासून मी एका वाफ्याऐवजी दोन वाफ्यांसाठी निवड करू लागले.

झाडाखालच्या कोरड्या बाजूसाठी मोंडो ग्रास, लिरिओपी आणि स्पायडर प्लांट ही गवतासारख्या लांब पानांची तीन झाडे पक्की केली. रोपवाटिकेत स्पायडर प्लांटची कुंडी उलटी करून पाहिली, तर मातीच्या गोळ्याभोवती पांढरी, जाडसर, गाजरासारखी मुळे गुंडाळलेली होती. पाणी साठवून ठेवणारी ही मुळे पाहिल्यावर ते रोप पाण्याची आबाळ का सोसते, हे कळायला पुस्तक लागत नाही. लिरिओपीच्या मुळांवरही अशाच छोट्या गाठी असतात. मोंडो ग्रास त्याहून बुटके, गर्द हिरवे आणि पायवाटेच्या कडेला फार शोभून दिसते, मात्र ते अतिशय संथ वाढते आणि ज्यांना झटपट हिरवळ हवी आहे त्यांना ते आवडणार नाही.

भिंतीकडच्या ओलसर बाजूला मागे नेफ्रोलेपिस जातीचे नेचे (फर्न) आणि पुढे गोल पानांची, जमिनीला धरून धावणारी मंडूकपर्णी लावली. त्याबद्दल फारसा विचार करावा लागला नाही.

जास्त वेळ गेला तो नकार देण्यात. वेडेलिया भराभर पसरते आणि कुठेही जगते, पण जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. शेजारच्या मोकळ्या जागेत ती शिरली तर निस्तरणार कोण? सिंगोनियम संधी मिळताच बुंध्यावर चढते, शिवाय त्याच्या पानांतले कॅल्शियम ऑक्सलेटचे स्फटिक तोंडात गेले तर आग होते, म्हणून लहान मुले आणि पाळीव प्राणी फिरतात तिथे ते नको वाटले. जांभळ्या पट्ट्यांची ट्रॅडेस्कॅन्शिया मला मनापासून आवडते, पण गडद सावलीत तिचे पट्टे फिके पडतात आणि दांडे लांबुडके होतात. फुलांचा हट्ट तर मी आधीच सोडला होता, कारण अशा जागी वर्षभर दिसतात ती पानेच.

लागवड करताना झाडाखाली सगळा वाफा खणला नाही. जाड मुळे टाळून मधल्या मोकळ्या जागांत छोटे खड्डे केले आणि त्यांत मावतील अशी लहान रोपेच घेतली. लिरिओपीचा एक भरगच्च गड्डा सुरीने कापून त्याचे तुकडे केले, प्रत्येकाला पानांचा झुबका आणि पुरेशी मुळे राहतील एवढेच पाहिले. वर सुमारे 5 सेंटिमीटर जाडीचा कुजलेल्या पानांचा थर दिला, तो बुंध्याला चिकटणार नाही अशा बेताने, कारण बुंध्याशी ओल साचून राहिली तर साल कुजते. काटक झाडांनाही मुळे धरेपर्यंत पाणी द्यावेच लागते, म्हणून पहिल्या हंगामात रोज थोडे शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने भरपूर, खोलवर जाईल असे पाणी दिले.

लिरिओपी आणि नेचे आता चांगले रुजले आहेत. मोंडो ग्रासच्या रोपांत 20 सेंटिमीटर अंतर ठेवले होते, ते अजून भरलेले नाही आणि तिथले तण हाताने काढावे लागते. त्या फटींत स्पायडर प्लांटची पिल्ले, म्हणजे त्याच्या लांब दांड्यांवर येणारी छोटी रोपे, तात्पुरती खोचली आहेत. मोंडो पसरू लागले की ती उपटून कुंड्यांत हलवता येतील.