आमची वाटचाल : बिल नसलेली पंधरा वर्षं

२००४ साली कराडला एका गाळ्यात दोन कॉम्प्युटर आणि एक लेझर प्रिंटर घेऊन आम्ही डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर लावून छपाईला तयार करून द्यायचं काम, सुरू केलं. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने विचारलं, "पेजमेकर, कोरल, मराठी फॉन्ट, सगळं टाकून देऊ ना?" त्याने टाकून दिलं. कागदाचं, शाईचं, प्लेटचं बिल मी न चुकता फाइलला लावायचो. पण या सॉफ्टवेअरचं आणि फॉन्टचं बिल कुठे आहे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. दुकानातून कुणी एक रीम कागद न विचारता उचलला असता, तर त्याला मी चोरच म्हटलं असतं.

पत्रिका, बिलबुकं, मंडळांच्या पावत्या, सोसायट्यांचे अहवाल असं काम वाढत गेलं. दोनाची चार मशीन झाली आणि चारींवर तीच सीडी फिरली. नवा मुलगा कामाला लागला की क्रॅक, म्हणजे सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणारी फाइल, कशी टाकायची, हे त्याला मीच शिकवायचो.

एप्रिल २०१९, ऐन लग्नसराई. आमच्या ऑपरेटरने कोरलच्या नव्या आवृत्तीसाठी नेटवरून कीजेन, म्हणजे खोटी लायसन्स-की बनवून देणारा प्रोग्रॅम, उतरवला. सोबतच्या सूचनेची पहिलीच ओळ होती, अँटीव्हायरस बंद करा. त्याने केला. दुपारी चारला पत्रिकांच्या फायली उघडेनात. प्रत्येक नावाला अनोळखी शेपूट लागलेलं, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: फायली परत हव्या असतील तर ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर ४९०. बॅकअपची हार्डडिस्क त्याच मशीनला लावून ठेवलेली होती, तीही गेली.

पैसे दिले नाहीत. कागदावरची प्रुफं शोधून अकरा पत्रिका पुन्हा टाइप केल्या. एका मुलीचे वडील रात्री साडेअकरापर्यंत शेजारी बसून एकेक नाव वाचून दाखवत होते. ऑपरेटर रडवेला झाला होता. त्याला मी एक शब्द बोललो नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

त्याच काळात मी कायदा वाचला. कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमानुसार, सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. भीती वाटलीच. पण मनाला जास्त लागलं ते फॉन्टचं. देवनागरीचा एक फॉन्ट म्हणजे स्वर-व्यंजनांवर भागत नाही. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या धरून शेकडो आकार कुणीतरी बसून काढलेले असतात. आपल्या पुण्या-मुंबईत माणसांनी त्यावर आयुष्यं घातली. मराठी अक्षर कॉम्प्युटरवर आणणाऱ्यांचाच घास आम्ही मराठी छपाईवाल्यांनी पंधरा वर्षं काढून घेतला, आणि पत्रिकेवर मात्र भक्तिभावाने 'श्री' छापत राहिलो.

चारही मशीन फॉरमॅट केली. कोरलचं एकच लायसन्स हप्त्याने घेतलं, ते ऑफसेटला जाणाऱ्या कामासाठी. बाकी तिन्हींवर चित्रं-डिझाइनसाठी इंकस्केप, पानं लावायला स्क्रायबस आणि टायपिंगला लिब्रेऑफिस, तिन्ही मोफत आणि कायदेशीर. इंकस्केपमधून छपाईसाठी सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे रंग, नीट निघत नाही, म्हणून शेवटची पीडीएफ स्क्रायबसमधून काढतो. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्त' हा फॉन्ट कुणालाही वापरायला खुला आहे; आमचं निम्मं काम त्यावरच चालतं. दोन फॉन्ट बिलासकट विकत घेतले. त्या बिलावर १८ टक्के जीएसटीचं क्रेडिटही मिळालं, हे आधी डोक्यातच आलं नव्हतं. खरा त्रास झाला तो युनिकोडवर, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखंच दिसणाऱ्या मराठी टायपिंगवर, यायचा. हात जुन्या कीबोर्डला बसलेले, त्यामुळे पहिले तीन महिने काम निम्म्यावर आलं. दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली.

तो ऑपरेटर आता स्वतःचं दुकान टाकतोय. गेल्या महिन्यात पेनड्राइव्ह घेऊन आला आणि चाचरत म्हणाला, "काका, सुरुवातीपुरतं कोरल..." त्याला शेजारी बसवून घेतलं आणि त्याच पेनड्राइव्हवर इंकस्केप आणि 'मुक्त' घालून दिला. मग त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकाची पत्रिका आम्ही दोघांनी मिळून लावली. 'वऱ्हाडी' शब्दातला ऱ्ह नीट उमटलाय ना, हे त्याने प्रिंट काढून दोनदा पाहिलं.