तुम्ही विचारलंत म्हणून: तासाकोर्ते का सोडत नाही?

रावेरला आले की पहिल्या चहालाच प्रश्न येतो: ज्वालामुखी फुटला त्या बेटावर कशाला राहता? उत्तर दरवेळी अर्ध्यावर तोडलं जातं, म्हणून लिहून टाकते.

आधी हे की तासाकोर्ते म्हणजे नुसता समुद्रकिनारा नव्हे. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा बेटावरचं हे गाव जगतं केळीवर. सोळाव्या शतकात इथे ऊस होता, आता डोंगरउतारावर बांध घालून केळीच्या तुकड्यातुकड्यांच्या बागा. युरोपियन युनियनच्या अनुदानाशिवाय हिशेब जुळत नाही. जळगावकरांनी यावर हसू नये.

19 सप्टेंबर 2021 ला बेटावरच्या कुंब्रे बिएहा या डोंगररांगेत ज्वालामुखी फुटला, तो 13 डिसेंबरला थांबला. आमची बाग लाव्ह्याच्या वाटेत नव्हती. "मग सुटलात की!" अजिबात नाही. राख होती ना. ही चुलीतली राख नव्हे, बारीक काच असते. घडावरून हात फिरवला की सालीवर ओरखडा, आणि तो नंतर काळा पडतो. आतलं केळं उत्तम, पण बाजार पैसे देतो सालीचे. परवानगी मिळेल तेवढ्या वेळात बागेत जायचं, ब्लोअरने राख उडवायची, श्वास धरून घड कापायचा. सासऱ्यांनी एक घड इतका जपून आणला की खांद्यावर गादी बांधली होती. पॅकिंगला पोचल्यावर तिथल्या माणसाने तो फिरवून पाहिला आणि बाजूला ढकलला. सासरे काही बोलले नाहीत. त्यातलंच एक केळं सोलून त्याच्यासमोर उभ्याउभ्या खाल्लं, मग दुसरं. मला ते बघवेना.

त्या रात्री भावाला फोनवर म्हटलं, आम्ही परत येतोय. हो, म्हटलं होतं. तुम्ही त्याचीच आठवण देता.

त्या वेळी मी जे म्हटलं, ते मला आजही खोडून काढता येत नाही. दक्षिणेकडच्या बागांचे पाण्याचे पाइप लाव्ह्याखाली गेले, समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं आणावी लागली. शेजारचं पुएर्तो नाओस तर विषारी वायूमुळे स्फोट थांबल्यावरही कितीतरी काळ बंद होतं. पण इथल्याच 1949 च्या स्फोटातल्या लाव्ह्यावर याच लोकांनी वरून माती आणून केळी लावली, हेही मी रोज बघते. नवऱ्याचं म्हणणं, नव्या लाव्ह्यावरही होईल. मला ते पटत नाही, आणि बाग विकायलाही मन होत नाही.

यंदाची पिलं, म्हणजे केळीचे नवे कोंब, निवडून ठेवली आहेत. पुढच्या वर्षी विचारा, उत्तर कदाचित वेगळं असेल.